टीएमएस उपचार: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी तयारीपासून शेवटच्या सेशनपर्यंत

नैराश्यावरचं एक औषध पूर्ण मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊन झालं, दुसरंही घेऊन झालं, तरी मन वर येत नाही. किंवा औषध लागू पडतं, पण त्याचे दुष्परिणाम सोसवत नाहीत. साधारण या टप्प्यावर मानसोपचारतज्ज्ञ टीएमएसचा विषय काढतात. टीएमएस म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन: डोक्याला कॉइल टेकवून, बाहेरूनच चुंबकीय ठोक्यांनी मेंदूचा एक भाग उद्दीपित करायचा उपचार. उपचार कितपत लागू पडेल हे यंत्राच्या नावापेक्षा तीन गोष्टींवर जास्त ठरतं: निदान नेमकं आहे का, कॉइल योग्य जागी आणि योग्य ताकदीने बसली आहे का, आणि सेशन्स न चुकवता होत आहेत का. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत रुग्णाचा हात मोठा असतो. दुसरी तंत्रज्ञाच्या हातात असली, तरी तिच्यावर लक्ष ठेवणं तुम्हालाही जमतं.

डोक्याला लावतात ते काय असतं

कॉइल म्हणजे प्लास्टिकच्या आवरणात बसवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. नेहमीच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे तिचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो आणि परिणाम मधल्या एका छोट्या भागावर एकवटतो. तारेतून सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ मोठा विद्युतप्रवाह सोडला, की तेवढ्यापुरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीतून विनाअडथळा आत जातं आणि मेंदूच्या पेशींमध्ये अगदी लहानसा प्रवाह निर्माण करतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज तयार होते हे मायकल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलं होतं. माणसाच्या मेंदूवर हे तत्त्व आजच्या स्वरूपात वापरून दाखवलं ते अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये.

क्षेत्राची ताकद कॉइलजवळ दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय यंत्राच्या आसपासची असते. फरक असा, की ती क्षणभरच असते आणि अंतर वाढलं की झपाट्याने उतरते. नेहमीच्या कॉइलचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे फारसा जात नाही. मेंदूच्या आत खोलवर असलेले भावनांशी संबंधित भाग त्यामुळे थेट पोहोचण्याजोगे नसतात. म्हणून त्यांच्याशी जोडलेला, कपाळाच्या वरच्या बाजूला पृष्ठभागावर असलेला भाग निवडतात: डावा डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. तिथे रोज ठरावीक लयीत उद्दीपन दिलं, की काही आठवड्यांत त्या संपूर्ण जाळ्याच्या कामात बदल होऊ लागतो. एका सेशनने मूड बदलत नाही. परिणाम साठत जातो, आणि सेशन्स चुकवायची नाहीत ती याच कारणासाठी.

घरच्यांची भीती बहुधा एकच असते: हे शॉक तर नाहीत ना? नाहीत. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात भूल देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. टीएमएसमध्ये भूल नसते, आकडी आणायची नसते, रुग्ण पूर्ण जागा असतो आणि संपल्यावर स्वतः उठून कामाला जातो. स्मरणशक्तीवर ईसीटीनंतर जो परिणाम दिसू शकतो तसा इथे होत नाही. पण याची दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. भास-भ्रमांसह आलेलं तीव्र नैराश्य, खाणं-पिणं-बोलणं थांबलेली अवस्था, किंवा आत्महत्येचा तातडीचा धोका असेल तर ईसीटी अधिक प्रभावी आणि अधिक वेगवान आहे. तिथे शॉकच्या भीतीने टीएमएसचे सहा आठवडे घालवणं धोक्याचं ठरतं. जीव देण्याचे विचार ठोस होऊ लागले असतील, तर टीएमएसच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जा, एकटे राहू नका.

पायरी १: आधीच्या उपचारांचा कागद तयार करा

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर तक्ता करा: औषधाचं नाव, सर्वांत जास्त मात्रा किती मिलिग्रॅम, किती आठवडे घेतलं, का थांबवलं. हा कंटाळवाणा वाटणारा कागद सर्वांत उपयोगी पडतो. दोन आठवड्यांत सोडलेली गोळी 'लागू पडली नाही' यात मोजत नाहीत. पुरेशा मात्रेत साधारण सहा ते आठ आठवडे घेतली असेल तरच ती चाचणी झाली असं धरतात. कित्येकदा या तक्त्यातूनच कळतं, की एकही औषध नीट घेऊन झालेलं नाही.

पूर्वी कधी झोप न लागताही प्रचंड उत्साह, भरमसाट खर्च, भरभर बोलणं असे दिवस आले असतील तर ते लपवू नका. ते बायपोलर आजाराचं लक्षण असू शकतं. टीएमएसमुळे क्वचित मन उलट्या टोकाला, म्हणजे उन्मादाकडे जातं. अशा रुग्णात ती शक्यता धरूनच बेत आखावा लागतो. थायरॉइड, ब१२ जीवनसत्त्व, रक्तातलं लोह या तपासण्या झाल्या नसतील तर आधी करून घेणं शहाणपणाचं. त्यातल्या कमतरतेने आलेला थकवा चुंबकाने जाणार नाही.

पायरी २: धातू आणि आकडीची चौकशी

ही चौकशी प्रश्नावलीवर होते, आणि ती घाईत भरू नये.

डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू असेल तर टीएमएस सहसा करता येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर लावलेली क्लिप किंवा कॉइल, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड, डोळ्यात किंवा कवटीत राहिलेला धातूचा तुकडा हे सगळं यात येतं. कॉइलपासून ३० सेंटिमीटरच्या आतला काढता न येणारा चुंबकीय धातू ही नेहमीची मर्यादा धरतात. पेसमेकर, छातीतला डिफिब्रिलेटर किंवा व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर असेल तर आधी सांगा; निर्णय ते यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञांना विचारूनच होतो. दातातलं सिमेंट, कॅप, तारा यांची सहसा अडचण नसते. लोखंडकाम, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करणाऱ्यांनी डोळ्यात कधी कण गेला होता का ते आठवून सांगावं.

दुसरा भाग आकडीचा. टीएमएसचा सर्वांत गंभीर धोका हाच, पण तो दुर्मीळ आहे: नियम पाळले तर हजार रुग्णांत एकापेक्षाही कमी. धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र रोजच्याच आहेत. आदल्या रात्री झोप न होणं, खूप दारू पिणं किंवा पिणारा माणूस अचानक थांबणं, बुप्रोपिऑन, क्लोझापीन, ट्रायसायक्लिक गटातली औषधं किंवा उत्तेजक औषधं चालू असणं, डोक्याला जुनी मोठी इजा, घरात अपस्माराचा इतिहास. यातलं काही असलं म्हणून उपचार बादच होतो असं नाही. डॉक्टरांना ते माहीत हवं, एवढंच.

झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गटातली औषधं घेणाऱ्यांमध्ये टीएमएसचा फायदा कमी दिसतो असं अनेक निरीक्षणांत आढळलं आहे. पण म्हणून स्वतःहून ती बंद करू नका. एकदम थांबवल्यावर आकडीचा धोका उलट वाढतो. कमी करायची तर उपचार सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

पायरी ३: कोणता प्रोटोकॉल, ते समजून घ्या

'प्रोटोकॉल' म्हणजे पल्स (चुंबकीय ठोके) किती, कोणत्या लयीत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती पल्स), किती दिवस. केंद्रात विचारलंत तर हे सांगायला हवं. प्रमुख प्रकार असे:

• १० हर्ट्झ, डावी बाजू. ४ सेकंदांत ४० पल्स, मग २६ सेकंद विश्रांती, असं ७५ वेळा. एकूण ३,००० पल्स, साडेसदतीस मिनिटं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००८ मध्ये नैराश्यासाठी पहिलं टीएमएस यंत्र मंजूर केलं ते याच पद्धतीचं. विश्रांती ११ सेकंदांवर आणली, की तेवढेच पल्स पावणेएकोणीस मिनिटांत होतात.

• थीटा बर्स्ट, म्हणजेच आयटीबीएस. ५० हर्ट्झने तीन पल्सचा झुबका, असे सेकंदाला पाच झुबके. २ सेकंद चालू, ८ सेकंद बंद. ६०० पल्स, तीन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ.

• १ हर्ट्झ, उजवी बाजू. सेकंदाला एक पल्स, संथ. आकडीचा धोका जास्त वाटतो किंवा डाव्या बाजूचा वेगवान प्रकार सोसत नाही, तेव्हा याचा विचार होतो.

• डीप टीएमएस. शिरस्त्राणासारख्या टोपीत बसवलेली एच कॉइल. थोडं खोलवर आणि जास्त पसरट उद्दीपन. १८ हर्ट्झ, २ सेकंद चालू, २० सेकंद बंद, १,९८० पल्स.

तीन मिनिटांचा उपचार साडेसदतीस मिनिटांच्या तोडीचा कसा असेल, ही शंका रास्त आहे. त्याचं उत्तर २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासाने दिलं. ४१४ रुग्णांमध्ये दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या. लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरलेले रुग्ण १० हर्ट्झमध्ये ४७ टक्के, आयटीबीएसमध्ये ४९ टक्के. आजार जवळपास पूर्ण उतरलेले अनुक्रमे २७ आणि ३२ टक्के. म्हणजे छोटा प्रकार मागे पडत नाही. हेच आकडे अपेक्षा ठरवायलाही वापरा: औषधांना दाद न दिलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना ठळक फायदा, आणि साधारण तिघा-चौघांत एकाला पूर्ण आराम. 'नव्वद टक्के खात्री' असं कुणी सर्वांनाच सांगत असेल तर सावध व्हा.

पाच दिवसांत संपणारा वेगवान प्रकारही आहे. स्टॅनफर्डमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत एमआरआय पाहून जागा ठरवतात, दिवसाला १० सेशन्स, प्रत्येकात १,८०० पल्स, मध्ये ५० मिनिटांची विश्रांती. पाच दिवसांत ९०,००० पल्स. तिला सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तिचा मूळ तुलनात्मक अभ्यास मात्र लहान होता, अवघ्या २९ जणांचा. शिवाय 'वेगवान' नावाने जे जे दिलं जातं ते सगळं हीच पद्धत असतं असं नाही. जागा कशी ठरवणार आणि दिवसाला पल्स किती, हे विचारल्यावर फरक कळतो.

पायरी ४: मोजणीचा दिवस

सगळ्या उपचाराचा पाया या दिवशी घातला जातो. तासभर तरी लागतो. दहा मिनिटांत उरकलं तर शंका घ्या.

आधी मोटर थ्रेशोल्ड काढतात. कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला, हाताची हालचाल चालवणाऱ्या भागावर धरून एकेक पल्स देतात आणि उजव्या हाताचा अंगठा हलतो का ते पाहतात. जागा थोडी थोडी सरकवत अंगठा सर्वांत सहज हलेल असा बिंदू शोधायचा, मग ताकद कमी करत जायची. दहापैकी पाच वेळा अंगठा हलेल अशी किमान ताकद म्हणजे तुमचा थ्रेशोल्ड. तो यंत्राच्या कमाल क्षमतेच्या टक्क्यांत लिहितात. उपचार सहसा त्याच्या १२० टक्क्यांवर होतो: थ्रेशोल्ड ५० आला तर यंत्र ६० वर. या वेळी हात मांडीवर सैल ठेवा. मूठ आवळली, मान ताठ धरली, तर स्नायू आधीच ताणलेले असल्याने आकडा चुकून कमी येतो आणि पुढचे सगळे दिवस उपचार कमी ताकदीने होतो.

मग उपचाराची जागा. जुनी रीत म्हणजे अंगठ्याच्या बिंदूपासून ५ सेंटिमीटर पुढे. सोपी आहे, पण डोकं लहानमोठं असतं; मोठ्या डोक्यात ही जागा बरीच मागे पडते आणि उद्दीपन भलत्याच भागाला मिळतं. त्यापेक्षा बीम एफ३ पद्धत बरी: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि डोक्याचा घेर, अशी तीन मापं टेपने घेऊन बिंदू काढतात. सर्वांत नेमकी पद्धत एमआरआयवर आधारित न्यूरोनेव्हिगेशनची, म्हणजे मेंदूच्या प्रतिमेवर पाहत कॉइल जागेवर नेण्याची, पण तिच्यावाचून उपचार होत नाही असं नाही. टेप नीट लावली तर एफ३ पद्धत रोजच्या कामाला पुरेशी आहे.

खूण टोपीवर केली असेल, तर टोपी रोज त्याच ठिकाणी बसते का ते पाहा. भुवयांपासून टोपीच्या कडेपर्यंतचं अंतर पहिल्या दिवशी मोजून लिहून घ्यायला सांगा. टोपी एक सेंटिमीटर मागे सरकली, तर जागाही तेवढीच सरकते.

पायरी ५: रोजचं सेशन

१. रात्रीची झोप पूर्ण झालेली असावी. रात्रभर जागरण झालं असेल तर येताच सांगा. त्या दिवशी सेशन पुढे ढकलणं योग्य.
२. काहीतरी खाऊन आणि पाणी पिऊन या. पहिल्या दिवशी उपाशीपोटी आलेल्यांना चक्कर येण्याची शक्यता जास्त.
३. केस कोरडे आणि मोकळे ठेवा. अंबाडा, जाड वेणी किंवा क्लिप कॉइलखाली आली तर अंतर वाढतं, आणि काही मिलिमीटरनेही ताकद घटते.
४. कानातलं, गळ्यातलं, चष्मा, श्रवणयंत्र, मोबाइल, बँकेची कार्डं बाजूला काढून ठेवा.
५. दोन्ही कानांत इअरप्लग नीट बसवा. कॉइलचा टकटक आवाज कानाला इजा करू शकेल इतका मोठा असतो. मध्येच प्लग निसटला तर हात वर करा आणि सेशन थांबवायला लावा. खोलीत थांबणाऱ्या नातेवाइकालाही प्लग हवेत.
६. कॉइल टेकल्यावर डोकं हलवू नका. घसरल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा. 'होऊ दे आता' म्हणून तसंच बसलात, तर ते सेशन वाया जातं.
७. झोपू नका. डोकं कलंडतं आणि कॉइलची कड उचलली जाते.

पहिल्या आठवड्यात डोक्यावर कुणी बोटाने टिचक्या मारतंय अशी जाणीव होते, काहींना ती चांगलीच दुखते. भुवई, पापणी किंवा जबडा पल्सबरोबर फडफडतो. हे चेहऱ्याच्या स्नायूंना मिळणाऱ्या उद्दीपनामुळे, ती आकडी नव्हे. दुखणं सहन करून दाखवण्याची गरज नाही. कॉइल काही अंशांनी फिरवणं, ताकद थ्रेशोल्डच्या ८०–९० टक्क्यांपासून सुरू करून आठवडाभरात १२० वर नेणं, डॉक्टरांना विचारून आधी पॅरासिटामॉल घेणं, हे उपाय सहसा पुरतात. कॉइलच्या बाजूच्या दातात कळ येत असेल तर दातांमध्ये गॉझची घडी धरतात. एक काळजी घ्या: दुखतं म्हणून ताकद उतरवली असेल, तर ती पुन्हा कधी वर नेणार ते विचारत राहा. कमी ताकदीवरच महिना निघून जाणं ही वारंवार घडणारी चूक आहे.

घाम येणं, चेहरा पांढरा पडणं, डोळ्यांपुढे अंधारी ही चक्कर येण्याची चिन्हं; आकडीपेक्षा ती कितीतरी जास्त वेळा येते. थांबवायचं, आडवं करून पाय वर घ्यायचे. खरीच आकडी आली तर कॉइल लगेच दूर, रुग्ण कुशीवर, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळात वेळ पाहायची. ती बहुधा थोड्या वेळात आपोआप थांबते. हे हाताळायला शिकलेला माणूस सेशनभर खोलीतच असतो का, हा प्रश्न केंद्र निवडतानाच विचारा.

पायरी ६: सहा आठवडे

नेहमीचा क्रम असा: आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, ३० सेशन्स. पुढचे तीन आठवडे ३, २, १ असे कमी करत एकूण ३६.

दर आठवड्याला एकाच वारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा. गुण ० ते २७. सुरुवातीचा आकडा निम्म्यावर आला तर चांगला प्रतिसाद, ५ च्या खाली आला तर आजार उतरला असं धरतात. नैराश्यात 'काहीच फरक नाही' असंच वाटत राहतं, म्हणून मनाच्या अंदाजापेक्षा हा आकडा विश्वासाचा. बदल पुष्कळदा घरच्यांना आधी दिसतो: अंघोळ लवकर होते, फोन उचलला जातो, टीव्हीवरचं काहीतरी पाहून हसू येतं.

पहिल्या दोन आठवड्यांत काहीच न होणं नेहमीचं आहे. मध्येच चार-सहा दिवस अस्वस्थता किंवा रडू वाढलेलं वाटलं तरी एकट्याने निर्णय घेऊन सोडू नका, डॉक्टरांना सांगा. सर्वांत जास्त माणसं इथेच गळतात, आणि त्यांच्यातल्या काहींचा फायदा चौथ्या-पाचव्या आठवड्यात दिसला असता. ३० सेशन्सनंतर थोडासाच फरक दिसत असेल तर आणखी काही सेशन्स वाढवण्याबद्दल विचारायला हरकत नाही. आकडा तसूभरही हलला नसेल, तर मात्र जागा, थ्रेशोल्ड आणि निदान तिन्ही पुन्हा तपासायला हवीत.

या काळात औषध बदललं, मात्रा बदलली किंवा झोप बिघडली, तर थ्रेशोल्ड पुन्हा काढायला सांगा. एक-दोन सेशन्स चुकली तर ती शेवटी जोडतात. आठवडाभराचा खंड मात्र शक्यतो टाळा. प्रवास, परीक्षा, लग्नकार्य हे सुरुवातीची तारीख ठरवतानाच लक्षात घ्या. समुपदेशन चालू असेल तर ते थांबवू नका, आणि फिरणं, एखादं छोटं काम, एखाद्याशी बोलणं असं काहीतरी रोज ठरवून करा.

पायरी ७: संपल्यानंतर

बरं वाटलं की गोळ्या बंद करण्याची घाई होते. ती करू नका. औषध कधी आणि कसं कमी करायचं हा वेगळा निर्णय आहे. बरे झालेल्यांपैकी अनेकांचा फायदा वर्षभर टिकतो, काहींना काही महिन्यांत लक्षणं परत जाणवू लागतात. म्हणून पीएचक्यू-९ महिन्यातून एकदा भरत राहा आणि लागोपाठ दोनदा आकडा चढला तर भेट घ्या. एकदा लागू पडलेल्या रुग्णात पुन्हा दिलेला टीएमएस बहुधा पुन्हा लागू पडतो, आणि लवकर सुरू केलेला बरा.

त्यासाठी केंद्र सोडताना एक कागद मागून घ्या: प्रोटोकॉल, कॉइलचा प्रकार, थ्रेशोल्ड किती टक्के, उपचाराची ताकद किती, जागा कोणत्या पद्धतीने काढली आणि तिन्ही मापं, एकूण सेशन्स, पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याचे गुण, काय सोसलं नाही. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या यंत्रावर जावं लागलं तर थ्रेशोल्ड नव्याने काढावाच लागतो, कारण त्याचे टक्के त्या त्या यंत्रापुरतेच असतात. बाकीचं सगळं तसंच्या तसं उपयोगी पडतं.